आयत्या वेळचे नाटक

आमच्या गावी वाचनालयाच्या मागल्या अंगाला एक लांबट खोली आहे. सतरंज्या, मोडकी बाके, गणेशोत्सवातले मखर यांची ती कायमची जागा. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत त्या खोलीत आम्ही मुलामुलींसाठी नाट्यशिबिर भरवले. वय बारा ते अठरा. निम्मी मुले मराठी शाळेतली, काही कन्नड माध्यमातली, उरलेली इंग्रजीतली. घरी कोणी मराठी बोलणारे, कोणी कन्नड, दोन-तीन घरांत उर्दू. सीमाभागातल्या कुठल्याही गल्लीत असते तशीच सरमिसळ.

करमणुकीसाठी मी एक खेळ काढला. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा प्रसंग दोन मिनिटांत उभा करून दाखवायचा, आणि जो जास्त हसवील त्याला जास्त गुण. मी हातात घंटा घेऊन परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. पहिले तिघे बरे गेले. मग घरी कन्नड बोलणारा एक मुलगा उठला. चिठ्ठी होती, 'बसमध्ये जागेवरून भांडण'. त्याने छाती पुढे काढून आवाज लावला, "ऊठ, हा माझा जागा आहे!" आणि खोलीत एकच हशा पिकला. पोराला वाटले आपला विनोद जमला. तोही हसला. मग त्याच्या ध्यानात आले की हशा भांडणाला नव्हे, 'माझा जागा'ला होता. उरलेला वेळ तो नुसता उभा राहिला. घंटा वाजली. सर्वांत मोठा हशा त्याचा, म्हणून नियमाप्रमाणे सर्वांत जास्त गुणही त्यालाच पडले. ते मी माझ्या हाताने मांडले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि नंतरही कधी नाही.

ही गोष्ट मला बरीच वर्षे टोचत राहिली. असले आयत्या वेळच्या विनोदाचे खेळ आता महाविद्यालयांत होतात, कंपन्यांच्या प्रशिक्षणांत होतात, दूरदर्शनच्या वाहिन्यांवर होतात. ते आले कुठून याचा माग काढताना मी जिथे पोहोचलो ती जागा आमच्या खोलीहून फारशी निराळी नव्हती, आणि तिथे जे चालत असे ते माझ्या घंटेच्या अगदी उलट होते. तोच इतिहास येथे सांगायचा आहे.

शिकागो म्हटले की आपल्याला १८९३ ची सर्वधर्मपरिषद आठवते आणि विवेकानंद आठवतात. त्या परिषदेच्या सभागृहापासून फार दूर नव्हे असा हॉल्स्टेड स्ट्रीटचा भाग त्याच काळात माणसांनी खचाखच भरला होता. इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन, पोलिश, रशियातून जीव वाचवून आलेले ज्यू, पुढे मेक्सिकनही. त्या दशकात शिकागोच्या दर चार रहिवाशांत तिघे एक तर परदेशात जन्मलेले होते किंवा अशा माणसांची मुले होती. कत्तलखाने, शिवणाचे कारखाने, एका खोलीत दोन कुटुंबे. अशा वस्तीत १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणींनी हल नावाच्या गृहस्थाचा जुना वाडा भाड्याने घेतला आणि तिथे राहायलाच गेल्या. त्याचे नाव हल हाउस. बालवाडी, पाळणाघर, व्यायामशाळा, वाचनगृह, गाण्याचे वर्ग, नाटकशाळा असे करता करता वाड्याच्या तेरा इमारती झाल्या. जगप्रसिद्ध क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन पोरवयात तिथल्या मुलांच्या बँडमध्ये होता. ॲडम्सबाईंना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कथेला मात्र त्यांच्यापेक्षा त्या वाड्यातल्या एका खेळ शिकवणाऱ्या बाई जास्त महत्त्वाच्या आहेत.

त्यांचे नाव नेव्हा बॉइड. जन्म १८७६, आयोवा राज्यातल्या एका लहान गावी. बालवाडीचे शिक्षण घ्यायला शिकागोत आल्या आणि खेळातच रमल्या. वस्तीतल्या बायाबापड्यांकडून त्यांच्या मुलखातले खेळ, फेर, नाच त्या गोळा करीत. डेन्मार्कचे, स्वीडनचे, बोहेमियाचे. आपल्याकडे कोणी झिम्मा-फुगडी, सूरपारंब्या, आट्यापाट्या आणि कर्नाटकातले कुंटेबिल्ले (लंगडीघरे म्हणा) एकाच वहीत उतरवून काढावे, तसे. १९२० पासून सात वर्षे त्यांनी हल हाउसमध्येच खेळ-शिक्षकांची शाळा चालवली.

बॉइडबाईंचे म्हणणे साधे होते. खेळ खेळायला लागलेले मूल मनाने एका कल्पित प्रसंगात शिरते आणि त्या प्रसंगाचे नियम आपणहून पाळते. तिथे मास्तरांचा धाक नको, बक्षिसाची लालूच नको. उलट बक्षीस आले की खेळ संपला आणि चढाओढ सुरू झाली. हे वाचताना माझ्या टोपीतल्या चिठ्ठ्या मला आठवल्या हे सांगायला नको.

त्यांच्या शाळेत १९२४ साली एक अठरा वर्षांची मुलगी दाखल झाली. व्हायोला मिल्स, पुढे लग्नानंतरचे नाव स्पोलिन, आणि जग तिला त्याच नावाने ओळखते. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली, शिकागोतच वाढलेली. घरात काकामामा जमले की मूकाभिनयाचे ओळखखेळ आणि ऑपेराची नक्कल चाले. दोन-तीन वर्षे ती बॉइडबाईंच्या हाताखाली राहिली. पुढे महामंदी आली. सरकारने बेकारांना कामे देण्यासाठी जी मोठी योजना १९३५ मध्ये काढली तिच्या शिकागोतल्या मनोरंजन विभागात १९३९ साली स्पोलिनबाई नाट्य-पर्यवेक्षक झाल्या.

त्यांच्यापुढे मुले कोण? तीच, हॉल्स्टेड स्ट्रीटसारख्या वस्त्यांतली. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. संहिता हातात दिली की पोरे खांबासारखी उभी राहत आणि घोकलेले म्हणून टाकत. सूचना द्यावी तर ती ज्या इंग्रजीत द्यायची ती निम्म्यांना अर्धवट कळे. 'भावना आण', 'सहज बोल' हे तर कोणत्याही भाषेत निरुपयोगीच. (आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे वाक्य अजून ऐकू येते, आणि मूल त्यावर आणखीच ताठ होते.) तेव्हा सांगण्याऐवजी खेळायला लावायचे, असे त्यांनी ठरवले. प्रत्येक अडचणीसाठी एक खेळ. मुले एकमेकांकडे न बघता बोलतात? मग असा खेळ, की प्रत्येक वाक्याला समोरच्याला हात लावल्याशिवाय बोलायचे नाही. सगळे एकदम बोलतात? मग असा, की एक बोलू लागला की बाकीच्यांनी थिजायचे.

त्यांचा अगदी पहिला धडा मला सर्वांत आवडतो. गटाचे दोन भाग करायचे. निम्म्यांनी रंगमंचावर नुसते उभे राहायचे, निम्म्यांनी खाली बसून त्यांच्याकडे बघायचे. काही करायचे नाही. मिनिटभरात वरचे चुळबुळू लागतात. कोणी खिदळते, कोणी हात कुठे ठेवावे या विवंचनेत. मग शिक्षिका त्यांना एक काम सांगते : फळ्या मोजा, खुर्च्या मोजा, काहीही मोजा. मोजणी सुरू होते आणि चुळबुळ जाते. मग गट बदलतात. बस्स, एवढेच. रंगमंचावरची भीती म्हणजे काय आणि तिचे औषध काय, हे मुलाला व्याख्यानाशिवाय कळते : काम हातात असले की लाज राहत नाही. यातले दुसरे अर्धेही विसरू नये. जे बघत होते त्यांनाही आता वर जायचे असते. त्यामुळे हसणाऱ्याला हसण्याची किंमत ठाऊक असते.

दुसरे प्रसिद्ध खेळ आता कोणत्याही शिबिरात दिसतात. आरशाचा खेळ : दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे, आणि हळूहळू कोण पुढारी कोण प्रतिबिंब हे दोघांनाही कळेनासे व्हावे. नसलेल्या दोरीची रस्सीखेच. नसलेला चेंडू. आणि अर्थ नसलेल्या भाषेचा खेळ : ओळखीचा एकही शब्द न वापरता केवळ आवाजांत बोलायचे, वस्तू विकायची, भांडायचे, गोष्ट सांगायची, बाजूला एक दुभाषा उभा राहून ती प्रेक्षकांना समजावतो. व्याकरण कोणाचेच चुकत नाही, कारण व्याकरणच नाही. हा खेळ इटालियन, ग्रीक आणि ज्यू पोरांच्या वस्त्यांतून काम केलेल्या बाईंच्या हातून रुजावा, हा मला योगायोग वाटत नाही.

खेळ चालू असताना शिक्षकाने तो थांबवायचा नाही, बाजूने नुसती साद घालायची, "दोरी बघ!", "वाटून घ्या!" आणि संपल्यावर 'छान', 'वाईट' म्हणायचे नाही. विचारायचे ते एवढेच, की दोरी दोघांच्या मध्ये दिसली का? आपण कुठे होतो हे त्यांनी दाखवले की सांगितले? स्पोलिनबाईंचा कटाक्ष शाबासकीवरही तितकाच होता. मास्तरांच्या कौतुकासाठी खेळणारे मूल आणि मास्तरांच्या रागाला भिऊन खेळणारे मूल ही त्यांच्या लेखी एकाच खुंटीला बांधलेली. विनोद करायला मुद्दाम धडपडणाऱ्याला तर त्या पहिल्यांदा थांबवीत. हसू आले तर येईल. ते काढायचे नसते.

१९४६ मध्ये त्यांनी हॉलिवुडमध्ये मुलांची एक नाट्यसंस्था काढली. ती १९५५ पर्यंत चालली, आणि सहा वर्षांपासूनची मुले तिथे हे खेळ खेळत. सगळे खेळ पुस्तकात आले ते १९६३ साली : दोनशेहून अधिक. त्यात गुरू बॉइडबाईंचे ऋण त्यांनी नावानिशी मान्य केले आहे. बॉइडबाई त्याच वर्षी वारल्या.

दरम्यान या खेळांनी दुसरेच वळण घेतले होते, आणि ते वळण त्यांच्या मुलानेच दिले. पॉल सिल्स आणि त्याचा साथी डेव्हिड शेपर्ड यांनी १९५५ साली शिकागोत विद्यापीठाजवळच्या एका मद्यगृहाला लागून 'कंपास' नावाची मंडळी काढली. शेपर्डला कामगारांचे नाटक करायचे होते. बघायला आले विद्यार्थी आणि प्राध्यापक. १९५९ च्या डिसेंबरात सिल्सने आणखी दोघांबरोबर 'सेकंड सिटी' सुरू केले, एका जुन्या चिनी धोबीखान्याच्या जागेत. स्पोलिनबाई स्वतः तिथल्या नटांना शिकवायला आल्या. प्रेक्षकांनी विषय सुचवायचा, नटांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. तिथून निघालेले नट १९७५ पासून अमेरिकन दूरदर्शन गाजवू लागले. मग हा धंदा झाला, आणि धंद्यात हशा मोजला जातो. त्यात वाईट काही नाही. पोटासाठी नट हसवणारच. परंतु वस्तीतली पोरे त्यातून बाजूला पडली ती पडलीच.

इंग्लंडमधली कथा निराळी आणि आपल्याला जास्त ओळखीची वाटेल अशी. तिथे १९६८ पर्यंत प्रत्येक नाटकाची संहिता राजदरबारातल्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. लिहिलेलेच नसेल तर मंजूर काय करणार? म्हणजे आयत्या वेळचे नाटक हा कायद्याने गुन्हाच. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करणारा कीथ जॉन्स्टन असले खेळ घेई ते 'वर्ग' आणि 'प्रात्यक्षिक' या नावाखाली. त्याची शिकवण अशी, की समोरचा जे देईल ते स्वीकार, हुशारी करू नको, जे पहिल्यांदा सुचले तेच बोल. पुढे कॅनडात कॅलगरीला जाऊन त्याने १९७७ साली आपली मंडळी काढली आणि कुस्तीच्या आखाड्यावरून सुचलेले नाटकाचे सामने लावले : दोन संघ, पंच, गुण. माझी घंटा बहुधा अशाच कुठून तरी फिरत फिरत आमच्या गावी आली असावी. जॉन्स्टनला मात्र त्या आखाड्यात हरणाऱ्याने हसत हरावे हे शिकवायचे होते; ते मधल्या प्रवासात गळून गेले. तो २०२३ साली वारला. स्पोलिनबाई १९९४ मध्येच गेल्या होत्या.

त्या इंग्लिश कायद्याचे एक कलम १८४३ सालचे. त्याच १८४३ च्या ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण ते नाटक कसे होते? सूत्रधार पदे म्हणे, आणि मधले सगळे बोलणे नट आपल्या पदरचे, प्रसंग ओळखून बोलत. भाव्यांना ती कल्पना कुठून आली? उत्तर कानड्यातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते बघून. म्हणजे मराठी रंगभूमीचा आरंभच मुळी संहितेविना, आणि कन्नड मुलखातून आलेला. यक्षगानात आणि त्याच्या ताळमद्दळे या बैठ्या प्रकारात कलावंत आजही अर्थ सांगताना आयत्या वेळी बोलतात, वाद घालतात.

आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडण्याकडे दशावतारी तर अजून लिहिलेले नाटक हातात धरत नाहीत. रंगायला बसता बसता मंडळीचा प्रमुख कथानक सांगतो, कोणी कोण व्हायचे ते ठरते, आणि रात्रभर राजे आणि राक्षस स्वतःच्या जिभेवर लढतात. सुरुवातीचा काळा संकासुर मालवणीत सूत्रधाराची जी उडवतो, ती ज्या गावात खेळ असेल त्या गावची असते. तमाशातल्या बतावणीचेही तेच. १९६५ नंतर 'विच्छा माझी पुरी करा' बघायला लोक पुन्हा पुन्हा जात ते वसंत सबनिसांच्या लेखणीसाठी जात तसेच दादा कोंडके आज नवे काय बोलतात ते ऐकायलाही.

आपण ते सोडले कधी? १८६१ साली कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि शिकलेल्या लोकांना 'बुकिश' नाटकांची गोडी लागली. १८८० साली आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' केले. त्यानंतर नाटक म्हणजे पुस्तक, हे पक्के झाले. त्याने आपल्याला देवल, खाडिलकर, गडकरी दिले. तक्रार कशाला करू? एवढेच, की बतावणी अडाण्यांची ठरली आणि मुलांच्या वाट्याला पाठांतर आले. सरकारलाही लिहिलेलेच सोयीचे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याच्या छत्राखाली १९१० साली 'कीचकवधा'वर बंदी आली. संकासुर त्या वर्षी काय काय बोलला असेल त्याची नोंद कोणाकडेच नाही.

हल हाउसच्या तेरा इमारतींपैकी बहुतेक १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी पाडल्या गेल्या. मूळ वाडा आणि जेवणघर उरले आहे; तिथे संग्रहालय आहे. संस्थाही पैशाअभावी २०१२ मध्ये बंद पडली.

आमची खोली अजून आहे. पुढच्या एका सुटीत मी पुन्हा शिबिर घेतले तेव्हा घंटा घरीच ठेवली. पहिल्या दिवशी निम्म्यांना नुसते उभे केले. मग मखराच्या कागदी फुलांची मोजणी झाली. आकडे प्रत्येकाचे वेगळे आले. तिसऱ्या दिवशी अर्थ नसलेली भाषा काढली. दोन मुली बाजारात बसल्या, एक विकणारी, एक घेणारी. काय विकते आहे ते आधी कळेना. मग तिने हातातली नसलेली वस्तू शेपटीला धरून उचलली, गिऱ्हाइकाने नाक मुरडून तिचे कल्ले उघडून बघितले, आणि मासळीचा बाजार खोलीत उभा राहिला. भाव, हुज्जत, पिशवी, सुटे पैसे. दुभाषा झालेला मुलगा मराठीत सुरू करी आणि अडला की कन्नडात जाई. कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. जो गेला तो मुलगा मात्र आला नव्हता. मी त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा आईने चहा दिला आणि तो बाहेर गेला आहे असे सांगितले.

वर्तमानपत्र वाचायला रोज येणारे एक आजोबा कोलाहल ऐकून दारात येऊन उभे राहिले. घटकाभर त्यांनी कान दिला. मग मला विचारले, "मास्तर, ही कुठली म्हणायची भाषा?" मी तोंड उघडण्याआधीच मासे विकणारी वळली आणि हातातला नसलेला बांगडा पुढे करून त्यांना त्याच भाषेत भाव सांगू लागली. आजोबांनी चष्मा वर केला, मासा नीट बघितला, आणि मान हलवून तीन बोटे दाखवली.